आधी पाटी लिहा

वाघ्या कुत्र्याचा पुतळा ठेवायचा की काढायचा, यावरून महाराष्ट्र दर काही वर्षांनी बाह्या सरसावतो. २०११च्या ऑगस्टमध्ये रायगडावरचा तो पुतळा उखडून दरीत फेकला गेला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बसवला गेला. २०२५च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि ३१ मेपर्यंत तो हटवण्याची मागणी केली. ३१ मे म्हणजे अहिल्यादेवी होळकरांची जयंती, तीही त्या वर्षी तीनशेवी. आणि पुतळ्याला देणगी होती इंदूरच्या होळकरांची. मग व्हायचं तेच झालं. एका बाजूला मराठा संघटना, दुसऱ्या बाजूला धनगर संघटना आणि मधे चौथऱ्यावर एक मुका कुत्रा.

मी किल्लारीकडचा माणूस. रायगड आमच्यापासून लांब आहे. तरीही या भांडणात बोलायचा हक्क मला आहे, असं मी मानतो. कथेवर विसंबलं आणि खऱ्याकडे पाठ फिरवली की काय होतं, हे आमच्या भागाने १९९३च्या भूकंपात पाहिलंय.

म्हणून सरळ सांगतो. पुतळा काढा की ठेवा, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या लेकराला कथा कोणती आणि कागद कोणता, हे कळतं का? कळत नसेल, तर ठेवणारेही चुकले आणि फेकणारेही चुकले.

*

कथा सगळ्यांना पाठ आहे. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराज गेले. चिता पेटली. त्यांचा लाडका वाघ्या धावत आला आणि त्याने चितेत उडी घेतली. ऐकताना आजही घसा दाटतो. राजा गेल्यावर कारस्थानं करणारी माणसं आणि राजामागे जीव देणारं जनावर, असा सामना त्या कथेत आहे. म्हणून ती टिकली.

आता कागद. शिवकाळातल्या कोणत्याही समकालीन साधनात वाघ्या सापडलेला नाही. पुतळा बसला १९३६ साली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर २५६ वर्षांनी. देणगी तुकोजीराव होळकरांची. त्याआधी राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ लिहायला घेतलं होतं. १९१९ साली ते गेले आणि नाटक अपुरं राहिलं, पण वाघ्याचं नाव या नाटकाशी कायमचं जोडलं गेलं. त्याच नाटकावरून २०१७च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळाही उखडला गेला. आपल्याकडे पुस्तक वाचून वाद घालण्यापेक्षा पुतळा उखडणं सोपं झालंय.

वाघ्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सतराव्या शतकातल्या कुत्र्याला पुरावा नाही. विसाव्या शतकातल्या पुतळ्याला आहे. आपल्या राजाच्या समाधीजवळ इमानाची एक मूर्ती असावी, असं १९३६ साली मराठी माणसांना वाटलं आणि एका मराठी संस्थानिकाने त्यासाठी पैसे दिले. हाही इतिहासच आहे. फक्त तो महाराजांच्या काळाचा नाही, आपल्या आज्या-पणज्यांच्या काळाचा आहे. तो तसाच लिहावा.

महाराजांच्या समाधीपाशी खोटं नको, हा फेकणाऱ्यांचा राग मला कळतो. पण दरीत फेकलेल्या पुतळ्याने कोणाचं ज्ञान वाढलं? कथा तर दुप्पट वेगाने पसरली. आमच्या घराण्याची निशाणी पुसली जातेय, ही बसवणाऱ्यांची भीतीही मला कळते. पण होळकरांच्या मोठेपणाला चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याचा टेकू कशाला हवा? अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्यातल्या कितीतरी आजही उभ्या आहेत. त्या कामावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

भांडण कुत्र्याचं नव्हतंच. कुत्र्याच्या आडून माणसं एकमेकांच्या जाती मोजत होती. ज्या राजाने अठरापगड जातींना एका झेंड्याखाली आणलं, त्याच्या समाधीपाशी हे व्हावं, याची लाज दोन्ही बाजूंनी वाटून घ्यावी.

*

आता आमची कुत्री.

भूकंपाच्या आठवणी निघाल्या की आमच्याकडे कोणीतरी म्हणतंच, “त्या रात्री कुत्री लई रडत होती.” मुकं जनावर सांगत होतं, आपल्याला कळलं नाही, असा त्याचा अर्थ. ही आमची दंतकथा. तिच्यात गेलेल्यांची माया आहे आणि मागे राहिल्याची बोच आहे. असं सांगणाऱ्या म्हाताऱ्याला मी खोटा म्हणणार नाही. गावात कुत्री रोजच रडतात. त्या रात्रीचं रडणं जन्मभर लक्षात राहिलं, कारण सकाळी गाव उरलं नव्हतं.

पण या कथेने एक वाईट काम केलं. तिने सगळा हिशोब दैवाच्या खात्यावर टाकला. म्हणून कागद काय सांगतो, ते ऐका.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२च्या आसपास, काही मोजणीत ६.४. केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, म्हणून वरचा तडाखा जबर बसला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. ५२ गावं पूर्ण मोडली आणि ती नव्या जागी वसवावी लागली.

आता कुत्र्यांच्या कथेत नसलेला भाग. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९२च्या पावसाळ्यानंतर, किल्लारी परिसराला धक्क्यांवर धक्के बसत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये तर चांगले जाणवणारे धक्के आले. भिंतींना तडे गेले, लोक भेदरले, काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के थांबले आणि माणसं पुन्हा त्याच भिंतींच्या आत जाऊन झोपली. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा दगड पक्का, इथे काही होत नाही, अशी शहाण्यांचीही समजूत होती. तो नकाशा पुढे २००२ साली बदलला आणि लातूरचा भाग वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात गेला.

जमीन वर्षभर आधी बोलली होती. तिचं ऐकायला कुत्र्याचे कान लागत नव्हते.

आणि मारलं कशाने? घराने. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसायची. आतून ती दोन वेगळ्या भिंती असायची. बाहेरचा थर वेगळा, आतला थर वेगळा आणि मधल्या पोकळीत गोटे आणि माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड नाही. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायची, आणि असं करत करत पिढ्यानपिढ्यांचं ओझं छतावर चढलेलं. पहाटे जमीन हलली तसे भिंतीचे थर एकमेकांपासून सुटले, दगड आत कोसळले, वरून माती आली. ज्या घरांत लाकडी खांब आणि तुळया भिंतीपासून वेगळ्या उभ्या होत्या, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणं इंजिनिअर लोकांनी नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे मरण कुठून आलं आणि माणूस कशाने वाचला, दोन्ही कळलेलं आहे. लिहिलेलंही आहे. ते गावच्या तोंडी मात्र आलं नाही. तोंडी आली ती कुत्री.

*

जनावरांना भूकंप आधी कळतो का? यावर जगभर अभ्यास झाले आहेत. भूकंपात आधी हलकी लाट येते आणि मागून जोराची. ती हलकी लाट कित्येक माणसांना जाणवत नाही, जनावराला जाणवू शकते. पण केंद्राजवळच्या गावात या दोन लाटांमधलं अंतर काही सेकंदांचंच असतं. तेवढ्यात कुत्रा दचकेल आणि उठेल, गाव रिकामं होणार नाही. आदल्या रात्रीपासून कळतं, याला भरवशाचा पुरावा कोणी दिलेला नाही.

चीनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचंग शहर भूकंपाआधी रिकामं केलं गेलं आणि पुष्कळ जीव वाचले. जनावरांच्या विचित्र वागण्यामुळे कळलं, असं सांगतात. खरं मोठं कारण होतं आधी आलेले धक्के. त्या धक्क्यांकडे तिथल्या यंत्रणेने लक्ष दिलं. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, तांगशान हादरलं आणि सरकारी आकड्यानुसारच २ लाख ४२ हजार माणसं गेली. तिथेही कुत्री होती. तिथे आधीचे धक्के तसे आले नाहीत, म्हणून इशारा मिळाला नाही.

हायचंगने धक्के ऐकले. आम्हाला १९९२ साली ते ऐकू आले, पण आम्ही काही केलं नाही. एवढा साधा धडा आहे. तो कुत्र्यांच्या कथेखाली गाडला गेलाय.

आणि हा धडा जुना झाला असं समजू नका. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तेवढाच. लोक घराबाहेर आले, मोबाइलवर व्हिडिओ फिरले, दोन दिवसांनी सगळे आपापल्या कामाला लागले. मी नांदेड-हिंगोलीच्या वाचकांना तोंडावर विचारतो, तुमच्या जुन्या दगडी भिंतीकडे त्यानंतर कोणा जाणत्याला बोलावून बघितलंत का? तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत कोणी तपासली?

*

यावरून कोणी असं समजू नये, की मला इमानाची स्मारकं नको आहेत. मला ती हवी आहेत. आपल्याकडे खरी आहेतही. आपल्यालाच त्यांची फिकीर नाही.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णेचा संगम. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची, खंड्याची, समाधी दाखवतात. या कुत्र्याने शाहूंना वाघापासून वाचवलं, असं सांगतात.  शाहूंचा एक लाडका कुत्रा होता, त्याला जरीचा साज आणि दागिने चढवून त्यांनी दरबारात मिरवला, ही गोष्ट ग्रँट डफने आपल्या १८२६च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. शाहू गेले १७४९ साली. म्हणजे मराठ्यांच्या छत्रपतीचा, इतिहासाच्या पुस्तकात आलेला कुत्रा आपल्याकडे आहे. त्याच्यासाठी कधी मोर्चा निघाला? त्याच्या समाधीसाठी कधी कोणी मुदत दिली? नाही. कारण त्यात कोणाशी भांडता येत नाही.

त्याहून जुनं सांगतो, आणि ते लातूरकरांनी कान देऊन ऐकावं. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथे दहाव्या शतकाच्या मध्यात, इसवी सन ९५०च्या सुमारास, एका शिकारी कुत्रीचा वीरगळ उभारला गेला. तिचं नाव काळी. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं. या लढाईत मणलेर नावाच्या वीराने पराक्रम केला. बूतुग खूश झाला, काय हवं ते माग म्हणाला. मणलेराने राजाची काळी मागितली. पुढे तिला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघं झुंजली आणि दोघंही मेली. तिच्यासाठी दगड उभा राहिला, त्यावर काळी आणि डुक्कर कोरली गेली, लेख लिहिला गेला आणि नेमणूक म्हणून जमीन दिली गेली. तो दगड आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे.

हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधार हेही त्यांचं मोठं ठाणं. आपल्या मातीशी नातं सांगणाऱ्या सम्राटाच्या काळात एका कुत्रीला नाव, चित्र, लेख आणि जमीन मिळाली. हजार वर्षांनंतरही ती कोण होती आणि कशी मेली, यावर वाद नाही. का? कारण दगड उभारणाऱ्याने दगडावर लिहून ठेवलं. इमानाचं स्मारक कसं असावं, हे मणलेराला समजलं होतं.

*

बाहेरच्या देशांतही हीच गत आहे. तिथेही काही कुत्री कागदावर टिकली, काही नाही.

वेल्समध्ये बेडगेलर्ट गावी गेलर्ट या कुत्र्याचं थडगं आहे. राजकुमार शिकारीहून परत येतो, पाळणा उलथा पडलेला, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो कुत्र्याला मारतो आणि मग बाळ सुखरूप सापडतं, शेजारी लांडगा मरून पडलेला. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटली पाहिजे. पंचतंत्रात कुत्र्याच्या जागी मुंगूस आहे आणि लांडग्याच्या जागी साप. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या एका खाणावळवाल्याने, प्रवासी यावेत म्हणून, ते थडगं उभं केलं, असं अभ्यासक सांगतात. आज हे तिथे उघडपणे बोललं जातं. गाव चालतंच आहे, प्रवासी येतातच आहेत.

एडिनबरोचा बॉबी म्हणे १४ वर्षं मालकाच्या थडग्यापाशी बसला. तो १८७२ साली गेला, पुढच्या वर्षी पुतळा झाला. २०११ साली यान बाँडेसन या संशोधकाने मांडलं, की बहुधा ही दोन वेगवेगळी कुत्री होती, पहिला मेल्यावर दुसरा आणून बसवला. एडिनबरोत कोणी पुतळा दरीत टाकला नाही. पुस्तक छापलं गेलं, लोकांनी वाचलं, वाद घातला.

आणि टोकियोचा हाचिको. प्राध्यापक उएनो १९२५च्या मे महिन्यात कामावर असताना वारले. हाचिको ८ मार्च १९३५ रोजी मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. १९३४ साली पुतळा बसला तेव्हा तो स्वतः हजर होता. महायुद्धात धातू कमी पडला, पुतळा वितळवला गेला, १९४८ साली शिल्पकाराच्या मुलाने नवा केला. हाचिको जिवंत असतानाही काही लोक म्हणायचे, हा कुत्रा मालकासाठी येत नाही, स्टेशनवरच्या टपऱ्यांवर मिळणाऱ्या भाजलेल्या कोंबडीसाठी येतो. तो मेल्यावर पोटात खरंच त्या कोंबडीच्या काड्या सापडल्या. जपान्यांनी हे लपवलं नाही. शरीर तपासलं, अवयव जपून ठेवले, २०११ साली पुन्हा तपासून त्याला कर्करोग होता हेही जाहीर केलं. काड्याही सांगितल्या, दहा वर्षांची वाटही सांगितली. हाचिकोवरचं प्रेम तसूभर कमी झालं नाही.

खरं सांगितलं की भक्ती आटते, ही आपल्याकडची भीती निराधार आहे. हाचिकोने ती खोटी ठरवली आहे.

*

दंतकथेला हीन समजणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. आमच्या भागात तांडे आहेत. बंजारा समाजात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. बंजाऱ्याला पैशाची नड पडते, तो आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराच्या घरी चोरी होते, कुत्रा चोरलेला माल शोधून देतो. सावकार खूश होऊन त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधतो, कर्ज फिटलं, आणि त्याला सोडून देतो. बंजाऱ्याला वाटतं, कुत्रा इमान सोडून पळून आला. तो त्याला मारतो. मग चिठ्ठी दिसते. छत्तीसगडमध्ये बालोद जिल्ह्यातल्या खपरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे, त्याच्याशी ही कथा जोडलेली आहे.

या गोष्टीला कोण पुरावा मागेल? तिचं काम वेगळं आहे. आधी चिठ्ठी वाच, मग हात उचल, असं ती बजावते. नामदेवांची गोष्टही तशीच. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी भाकरी त्याने खाऊ नये म्हणून. खंडोबाच्या टाकावर घोड्यासोबत कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांसोबत कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं, आणि सडपातळ, लांब पायांची कारवानी कुत्री बघायला लोक गर्दी करतात. कुत्रा आपल्या देवघरात आहे, शेतात आहे, गोष्टीत आहे. त्याला खोट्या इतिहासाची गरजच नाही.

कथेला कथा म्हणा, ती शंभर वर्षं जगेल. तिला इतिहासाचा अंगरखा चढवलात की कोणीतरी तो फाडणारच, आणि मग कथाही नागडी होईल.

*

पुराव्याची कुत्री हवी असतील तर तीही घ्या. १२ मार्च १९९३ रोजी मुंबई बॉम्बस्फोटांनी हादरली, २५७ माणसं गेली. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्रॅडोर होता. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं त्याच्या नाकाने शोधून दिली. तो नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. 

आपल्याच मराठवाड्यात बीड पोलिसांचा रॉकी होता. तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला तेव्हा बीड पोलिसांनी मानवंदना दिली आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. या कुत्र्यांची कामगिरी आकड्यांत आणि तारखांत मांडलेली आहे. लेकरांना इमान शिकवायचं असेल, तर झंजीर आणि रॉकी पाठ्यपुस्तकात घाला. त्यांना कोणी दरीत फेकणार नाही.

*

आता मागणी. रायगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. पुतळ्याचा निर्णय पुरातत्त्व खात्याने आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी कागद समोर ठेवून घ्यावा. पहार घेऊन आलेल्या टोळीला तो अधिकार नाही, तारखांच्या धमक्या देणाऱ्यालाही नाही. हलवायचा ठरला तर तो मानाने हलवावा. पण त्याची वाट न बघता उद्याच तिथे मोठ्या अक्षरांत लिहा: ‘हा पुतळा १९३६ साली बसवला. इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी त्यासाठी देणगी दिली. महाराजांच्या चितेत वाघ्याने उडी घेतल्याची कथा लोकांत सांगितली जाते. तिला शिवकालीन कागदांचा आधार मिळालेला नाही.’ चार वाक्यं. यात मराठ्यांचा अपमान नाही, धनगरांचा नाही, कुत्र्याचाही नाही.

माहुलीला लिहा: ‘थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची ही समाधी म्हणून ओळखली जाते.’ आणि त्याखाली ग्रँट डफची नोंद.

आणि किल्लारीला. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मंत्री येतात, अधिकारी येतात, पोलीस बंदुकांची सलामी देतात, फुलं वाहिली जातात. तो मान आमच्या माणसांचा आहे आणि तो चालूच राहावा. पण तिथे आलेल्या शाळेच्या पोरांना हे वाचायला मिळालं पाहिजे: ‘१९९२ साली येथे धक्के बसले होते. त्यानंतर घरं तपासली गेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी दगड-मातीच्या भिंती आणि मातीने जड झालेली माळवदं अंगावर कोसळून माणसं गेली. भिंतीचे दोन थर बांधणारे आरपार दगड आणि दारं-खिडक्यांवरून चहूबाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा असता, तर पुष्कळ जण वाचले असते.’ हे लिहायला सरकारला अवघड जाईल. तरी लिहावं लागेल.

वाचकांनो, पुतळ्यासाठी रस्त्यावर उतरायच्या आधी तुमच्या घराच्या भिंतीवर हात ठेवून बघा. जुनी दगडी असेल, फुगली असेल, कोपऱ्यात तडा असेल, तर या दिवाळीच्या आत चांगला गवंडी किंवा इंजिनिअर बोलवा. लग्नाच्या मांडवाला जेवढा खर्च करता, त्याच्या थोड्याशा भागात भिंत बांधून घेता येते. गावच्या शाळेसाठी ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. आणि कोणी पुन्हा सांगितलं, की त्या रात्री कुत्री रडत होती, तर त्याचं पूर्ण ऐकून घ्या आणि मग त्याला १९९२ सांगा.